समुपदेशकाची पहिली भेट : तिचे नियम कोठून आले?

१/ भडगावहून जळगावला समुपदेशकाकडे प्रथमच निघालेल्या माणसाच्या मनात सहसा तीन शंका असतात. आत काय विचारतील? सांगितलेले बाहेर जाईल काय? आणि आपल्याला 'वेडा' ठरवतील काय? या तिन्ही शंकांना इतिहास आहे. तो समजला की पहिल्या भेटीचे स्वरूपही उलगडते.

२/ तिसरी शंका सर्वांत जुनी. १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट'नुसार मनोरुग्णालयाची मुख्य वाट दंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जाई. अर्ज बहुधा नातेवाइकाचा, सोबत दोन वैद्यकीय दाखले. ज्याच्याविषयी अर्ज असे, त्याच्या संमतीवाचूनही आदेश निघू शके.

३/ राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. खानदेशात एकही नाही. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला धाडा' हे टोमणे मात्र गावोगाव पोहोचले. मनाचा उपचार म्हणजे घरापासून दूर कोंडणे, ही समजूत तेथून रुजली.

४/ बोलण्यातून उपचार करण्याची परंपरा निराळी. व्हिएन्नातील सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ मध्ये उपचाराच्या आरंभाविषयी एक निबंध लिहिला. वेळ आधी ठरलेली असावी आणि पहिले एक-दोन आठवडे चाचणीचे मानावेत, असे त्यांचे मत. रुग्णाने मनात येईल ते न गाळता सांगावे. जणू आगगाडीच्या खिडकीशी बसलेला प्रवासी आतल्या सोबत्याला बाहेरचे दृश्य सांगतो आहे.

५/ त्याच निबंधात आणखी एक इशारा आहे : उपचारक आणि रुग्ण यांच्या कुटुंबांत आधीच मैत्री असेल, तर अडचणी येतात. तालुक्याच्या गावी आपण 'ओळखीतला माणूस' शोधतो. येथे अनोळखी माणूसच अधिक उपयोगी. नात्यागोत्यातल्या वा मित्राच्या घरातल्या समुपदेशकाने दुसऱ्याचे नाव सुचवले, तर तो अव्हेर नव्हे.

६/ १९४२ मध्ये अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी ध्वनिमुद्रित भेटींचा शब्दशः वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला. बंद खोलीत नेमके काय बोलले जाते, ते अभ्यासकांना वाचता आले. सल्ला देण्यापेक्षा लक्षपूर्वक ऐकण्यावर त्यांचा भर होता. 'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला आहे; त्यामुळे अनेक जण उपदेशाच्या अपेक्षेने जातात आणि पहिल्या भेटीत प्रश्नच अधिक ऐकून निराश होतात.

७/ महाराष्ट्रात या कामाला संस्थारूप येत गेले. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'आयपीएच' स्थापन केली. टोमण्यातली दोन्ही गावे आता स्वेच्छेने मदत मागण्याचीही ठिकाणे झाली.

८/ दुसरी शंका गुप्ततेची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला. अपवादही नमूद आहेत : कोणाच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश इत्यादी. चांगला समुपदेशक या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगतो. न सांगितल्यास विचाराव्यात.

९/ उरली पहिली शंका. झोप, भूक, कामधंदा, घरची माणसे, पूर्वीचे उपचार, चालू औषधे, व्यसन यांविषयी विचारले जाते. जीव देण्याचे विचार येतात काय, हेही विचारले जाते. भारतीय दंड विधानाच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता, म्हणून या प्रश्नाची धास्ती वाटे. २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले. प्रश्न आरोपाचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

१०/ समुपदेशक बदलणाऱ्याला सारी कहाणी पुन्हा सांगण्याचा शीण येतो. पूर्वी काय उपयोगी पडले आणि काय खटकले, एवढ्यापासून आरंभ केला तरी चालतो. शिक्षण, अनुभव, शुल्क विचारणे हा उद्धटपणा नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते; ती पाहता येते.

११/ १९७९ मध्ये एडवर्ड बोर्डिन यांनी उपचारसंबंधाचे तीन घटक मांडले : ध्येयाविषयी एकमत, कामाविषयी एकमत आणि परस्परांतील विश्वास. पहिल्या भेटीत तिन्ही जुळतीलच असे नाही. फ्रॉइडची चाचणी उपचारकाच्या बाजूने होती. आज ती दोन्ही बाजूंनी असते. दोन-तीन भेटींनंतर 'हे जमत नाही' असे स्पष्ट सांगता येते.

१२/ जळगावपर्यंतचा प्रवास शक्य नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'ची १४४१६ ही निःशुल्क सेवा आहे. मराठीतही बोलता येते. १९१२ च्या अर्जात दुसऱ्याने लिहिलेली हकीकत असे. आज ती ज्याची त्याने सांगायची असते, आणि पहिल्या दिवशी सगळी सांगितलीच पाहिजे असेही नाही.

(समाप्त)