मांजरापासून बाटलीपर्यंत

कोलमन ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव आज निघालंच, तर बेसबॉलच्या गप्पांत निघतं. १९३८मध्ये शिकागो कब्स संघाने त्याला खेळाडूंचा अभ्यास करायला नेमलं होतं. त्याच्या खूप आधी, १९१९मध्ये, 'सायन्स'मध्ये त्याचं एक छोटं टिपण आलं होतं, पांढऱ्या उंदरांबद्दल. प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढलेले, मांजर कधी न पाहिलेले उंदीर मांजरासमोर जागच्या जागी थिजत. ही भीती उपजत असावी, असं त्याने सुचवलं.

उंदराला घाबरवायचं हे तंत्र तिथून हळूहळू आकाराला आलं. पण उपकरण म्हणून मांजर अगदीच बिनभरवशाचं. आज उंदरावर झेपावेल, उद्या पाठ फिरवून अंग चाटत बसेल.

हवाई विद्यापीठात रॉबर्ट आणि कॅरोलिन ब्लँचर्ड या जोडप्याने उंदरांना बिळं आणि वर मोकळी जागा असं घर बांधून दिलं आणि त्या मोकळ्या जागेत मांजर सोडलं. उंदीर बिळांत पळाले आणि सुमारे २२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे माणसाला ऐकूच न येणाऱ्या स्वरात ओरडू लागले. मांजर उचलून नेल्यावरही ते बराच काळ वर फिरकेनात. पुढे तर मांजराच्या अंगावर चोळलेलं फडकंही पुरेसं ठरलं.

सिडनीत इयन मॅकग्रेगर आणि रॉबर्ट डिलेनबर्ग यांनी त्याहून सोपी वस्तू शोधली: मांजराने गळ्यात वागवलेला पट्टा. त्याचा तुकडा पेटीच्या एका टोकाला चिमट्याने अडकवायचा, दुसऱ्या टोकाला लपायला खोका ठेवायचा. उंदीर खोक्यात शिरतो आणि फक्त डोकं बाहेर काढून पट्ट्याच्या दिशेने बघत राहतो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत पटणारी युक्ती हीच. हिच्यात उंदराला निदान लपायला जागा तरी आहे.

रसायनशास्त्राला मात्र पट्टाही नको होता. फ्रान्समध्ये एव्हलिन व्हेर्ने-मोरी यांनी १९८०मध्ये कोल्ह्याच्या विष्ठेतला ट्रायमिथाइल थायाझोलिन हा घटक उंदरांना धास्तावणारा म्हणून पुढे आणला. टीएमटी या नावाने तो बाटलीत आला. थेंब मोजता येतो, मांजर पाळावं लागत नाही. प्रयोगशाळांनी तो उचलून धरला. या वासाने उंदीर थिजतात, त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरकही वाढतं.

इथेच वादाला तोंड फुटलं. मांजराचा वास जिथे आला होता, ती जागा उंदीर लक्षात ठेवतो. वास गेला तरी तिथे बिचकतो. टीएमटीने हे सहसा साधत नाही. २००२मध्ये मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वास शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा संरक्षणाच्या खास हालचाली दिसल्या त्या मांजराच्या वासालाच. टीएमटी हा मुळात एक झोंबणारा, नकोसा दर्प असेल, अशी शंका त्यांनी घेतली. ती सर्वांनी मान्य केलेली नाही, पण मला ती रास्त वाटते. ताण वाढला म्हणजे शिकारी ओळखला, असं थोडंच आहे?

२०११मध्ये हार्वर्डच्या स्टीफन लिबर्ल्स यांच्या गटाने दुसरं टोक धरलं. ३८ जातींच्या सस्तन प्राण्यांचं मूत्र तपासलं, तेव्हा मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात २-फेनिलइथिलअमीन बरंच जास्त सापडलं. सिंहाच्या मूत्रातून तेवढा एक रेणू काढून टाकल्यावर उंदीर ते पूर्वीइतकं टाळेनासे झाले. तो परत मिसळला, आणि उंदीर पुन्हा लांब राहू लागले.