साथीच्या हिवाळ्यातील घरबोली : चाकूर परिसरासंबंधी एक टिपण

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मृत्यूंच्या आकड्यांवरून आणि सरकारी हुकुमांवरून लिहिला गेला आहे. १९११ ते १९२१ या दशकात हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाखांवरून १ कोटी २५ लाखांवर उतरली आणि या घटीत १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा मोठा वाटा होता, हे इतिहासाच्या अभ्यासकास ठाऊक असते. परंतु त्या हिवाळ्यात मराठवाड्यातील एखाद्या माळवदाच्या घरात कोण कोठे निजत होते, भाकरी कोण थापीत होते, आजाऱ्याच्या हाती पाण्याचा तांब्या कोणी दिला, हे जनगणनेचा तक्ता सांगत नाही. अशा वेळी घरातील बोली हाच एक पुरावा शिल्लक राहतो. चाकूर हे लातूर–नांदेड रस्त्यावरील तालुक्याचे गाव. मुलूख १९४८ पर्यंत निजामी अमलाखालचा. २०२०–२१ च्या हिवाळ्यात या परिसरात घरोघरी जे बोलले गेले ते ध्यानात घेऊन मागील दोन साथींच्या शब्दांकडे पाहावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

१८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे दख्खनभर पसरला. पुस्तकी मराठीने त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले. घराने ‘गाठीचा ताप’ म्हटले. पण त्या काळचे खरे अर्थवाही वाक्य निराळेच आहे : ‘घरात उंदीर पडला’. व्याकरणदृष्ट्या हे उंदराविषयीचे विधान. व्यवहारात ती घर सोडण्याची आज्ञा होती. कुटुंबाने गाडगी-मडकी, वाकळी आणि गुरे घेऊन गावाबाहेर जावे, रानात झोपडी घालावी आणि साथ ओसरेपर्यंत तेथेच राहावे, हा सारा अर्थ त्या तीन शब्दांत सामावलेला होता. रोग घरात आहे, माणसांत नाही, अशी ती समजूत. प्लेग उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो हे लक्षात घेता ती फारशी चुकीची होती असे म्हणता येत नाही.

१९१८ च्या साथीस मराठीने ‘मानमोडी’ हे नाव दिले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरात साथीची दुसरी लाट आली. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर रोजी ७६८ मृत्यू नोंदले गेले. प्लेगमध्ये घर सोडून जाता येत असे. येथे सारे घर एकाच वेळी अंथरुणास खिळले, मग रानात जाणार कोण? म्हणून या नावात घर नाही, उंदीर नाही, केवळ मोडून पडलेली मान आहे. ‘गाठ’ काय किंवा ‘मानमोडी’ काय, दोन्ही नावे ज्याने रोग अंगावर पाहिला त्याने ठेवलेली आहेत.

‘कोरोना’ हे नाव असे अंगावरून आलेले नाही. सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूभोवती दिसणाऱ्या मुकुटासारख्या कड्यावरून ते पडले, आणि आमच्या घरांत ते बातम्यांतून उतरले. नावात रोगाचे वर्णन नसल्यामुळे त्याचा अर्थ क्रियापदांनी पुरविला, आणि येथे एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. गोवर वा कांजिण्यांविषयी आपण ‘पोराला गोवर निघाला’ असे म्हणतो. तेथे कर्ता रोग आहे. पोर चतुर्थीत, म्हणजे भोगणाऱ्याच्या जागी. २०२० मध्ये मात्र ‘तो पॉझिटिव्ह निघाला’ हे वाक्य रूढ झाले. क्रियापद तेच, पण कर्ता बदलला. या रचनेची भावंडे कोणती? ‘तो लबाड निघाला’, ‘नाणे खोटे निघाले’. लपलेले वैगुण्य परीक्षेअंती उघडकीस आले, असा तिचा भाव आहे. आजाऱ्याला जी लाज वाटत होती आणि शेजार ज्या नजरेने पाहत होता, तिचे एक कारण रोगाच्या भीतीत असेल. दुसरे या वाक्याच्या घडणीत आहे.

हीच गोष्ट ‘वेगळे’ या शब्दाची. शासकीय मराठीने रोग्यासाठी ‘विलगीकरण’ आणि संपर्कात आलेल्या निरोग्यासाठी ‘अलगीकरण’ असा भेद करून पाहिला. घरांनी तो मुळीच पाळला नाही. तेथे दोन्हीस एकच शब्द, ‘वेगळं ठेवणं’; आणि हा शब्द कोरा नव्हता. भाऊ वेगळे निघतात, तेव्हा चूल दुभंगते. स्त्री चार दिवस वेगळी बसते, तेव्हा तिला शिवायचे नसते. सुतकातील घर काही दिवस समाजापासून दूर राहते. निराळे ताट, निराळा तांब्या, दारात पाय धुऊन आत येणे, मौतीहून परतल्यावर कपड्यांसकट न्हाणीत जाणे, ही शिस्त आजीला नव्याने शिकवावी लागली नाही. चौदा दिवसांची गणती तिला परकी वाटण्याचे कारण नव्हते. पण या जुन्या शब्दांनी शिस्तीबरोबर विटाळाची कल्पनाही आणली. ज्या गावांत वस्त्यांमधील अंतरे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरविली होती तेथे ‘सामाजिक अंतर पाळा’ अशी पाटी लावणे, हे भाषेच्या दृष्टीने निष्काळजीपणाचेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ हा प्रयोग पसंत केला होता. तो आमच्या पाट्यांवर सर्वत्र पोहोचला नाही.

‘टाळेबंदी’ हा शब्द तर कारखान्याच्या फाटकावरून घराच्या दारावर आला. पूर्वी मालक कामगारास बाहेर ठेवी, ती टाळेबंदी. आता माणूस आत राहू लागला. हिवाळ्यापर्यंत तिचे बंध सैल झाले होते. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडू लागले. पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. त्याहून लहान मुले हिवाळाभर घरीच होती. ‘शाळा भरली’ म्हणजे ढाळजेत एका मोबाइलभोवती तीन पोरे बसली, असा त्या शब्दाचा तात्पुरता अर्थ झाला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वेळ अमावस्या आली. लातूर, धाराशिव, नांदेड या भागांत मार्गशीर्षातील या अमावस्येला घरे ओस पडतात आणि सारे गाव रानात जाते. बोलीत हिला ‘येळवस’ म्हणतात. कानडीत हीच अमावस्या ‘एळ्ळ अमावास्ये’, म्हणजे तिळाची अमावस्या. ‘वेळ’ हे मराठी रूप त्याचे मागाहून केलेले शुद्धीकरण असावे असे संभवते. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातील आंबील. प्लेगच्या काळी जे रान भयाने गाठले जाई तेथेच वर्षातून एकदा हौसेने जेवायला जाणारा हा मुलूख आहे. त्या वर्षी १५ जानेवारीस ग्रामपंचायतींचे मतदान होते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेलेही कोपीभोवती होते. घरात दहा महिने ‘वेगळं बस’ ऐकलेली माणसे एकमेकांपासून हातभर दूर, पण एकाच शेतात, जेवायला बसली. कोणास वेगळे ठेवलेच असेल, तर तो पलीकडच्या बांधावर बसे आणि आंबिलीचा पेला त्याच्यासमोर ठेवून देणारा चार पावले मागे येई. अशा माणसास ‘बांधावर बसला’ म्हणत. त्या दिवशी तरी त्या शब्दांत विटाळ नव्हता. बांध हा शेताचाच भाग असतो.