चौदाव्या दिवशी खाल्लेलं पान

१८२७ साली डब्लिनमधल्या आर्थर जेकब या डॉक्टरने पापण्यांवर होणाऱ्या एका चमत्कारिक व्रणाचं वर्णन केलं. पुढे त्याला ‘रोडंट अल्सर’, म्हणजे उंदराने कुरतडल्यासारखा व्रण, असं नाव पडलं. आज आपण त्याला बेसल सेल कार्सिनोमा म्हणतो. गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. आपल्याकडे तो त्यामानाने कमी, कारण त्वचेतलं मेलॅनिन आपल्याला उन्हापासून बरंच सांभाळून घेतं. हा रोग सहसा शरीरात लांब पसरत नाही आणि माणूस त्याने क्वचितच दगावतो. पण जिथे होतो तिथे तो वर्षानुवर्षं कुरतडत राहतो. पापणी, नाकपुडी, कानाची पाळी, असं करत करत.

या व्रणातल्या पेशी थांबत का नाहीत, याचं उत्तर मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. ज्यांच्या कामातून ते जुळून आलं, त्यांतल्या बऱ्याच जणांचा या व्रणाशी काही संबंध नव्हता. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. पाठ्यपुस्तकात हा विषय अर्ध्या पानात उरकलेला असतो: एक रिसेप्टर, एक बाण, दुसरं प्रथिन, आणखी एक बाण, शेवटी ट्यूमर. त्या बाणांमागची माणसं, माश्या आणि मेंढ्या त्यात नसतात. मला मात्र त्यांच्याशिवाय ते बाण समजावून सांगता येत नाहीत.

मेंढ्यांपासून सुरुवात करू. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले मेंढपाळ हैराण झाले होते. त्यांच्या कळपांत कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरं जन्माला येत होती. आपल्या रक्तातच खोट आहे असा बोभाटा झाला तर कळपाला गिऱ्हाईक मिळणार नाही, ही धास्ती वेगळीच. अमेरिकी कृषी खात्याच्या माणसांनी शोध सुरू केला. लिन जेम्स हा संशोधक उन्हाळ्यात कळपांबरोबर डोंगरावर राहिला आणि मेंढ्या काय काय खातात ते पाहत बसला. गुन्हेगार निघाली कॉर्न लिली नावाची रानवनस्पती. गाभण मेंढीने ती गर्भधारणेच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास खाल्ली, तर कोकरू एकडोळ्या निपजायचं. तो दिवस टळल्यावर खाल्ली, तर डोळे शाबूत राहायचे. पाच महिन्यांच्या गाभणपणातला जेमतेम एक दिवस! रिचर्ड कीलर आणि वेन बिन्स यांनी पुढे त्या वनस्पतीतून दोषी रसायन वेगळं केलं. ग्रीक पुराणकथांतल्या एकाक्ष राक्षसावरून, सायक्लॉप्सवरून, त्याला सायक्लोपामाइन म्हणू लागले. मेंढपाळांना सल्ला मिळाला: त्या दिवसांत गाभण मेंढ्या डोंगरावर नेऊ नका. त्यांचा प्रश्न सुटला. ते रसायन गर्भात नेमकं काय करतं, हे मात्र पुढची तीसेक वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसरा धागा मिनेसोटातला. तिथे रॉबर्ट गॉर्लिन हे मुखरोगांचे जाणकार दंतवैद्य होते. १९६० साली त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट गोल्ट्झ यांच्यासोबत एका आनुवंशिक आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. या माणसांना जबड्यात गाठी होतात, बरगड्यांची ठेवण वेगळी असते आणि तरुणपणापासूनच बेसल सेल कार्सिनोमा एकामागून एक उगवत राहतात, काहींना तर शेकड्यांनी. जबडा, बरगड्या आणि त्वचा यांचा एकमेकांशी काय संबंध? वाढत्या गर्भाचा आराखडा आणि म्हातारपणी होणारा कर्करोग हे एकाच सूत्राने बांधलेले असावेत, अशी शंका यायला इथे जागा होती.

तिसरा धागा जर्मनीत हायडेलबर्गला. क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस फळमाश्यांच्या हजारो बिघडलेल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. अळीच्या अंगावर पट्टे कोणत्या जनुकांमुळे उमटतात, एवढाच त्यांचा प्रश्न. १९८० साली त्यांचा निबंध आला, १९९५ साली नोबेल मिळालं. एक जनुक बिघडलं की अळीचं अंग दातेरी काट्यांनी भरून जायचं, म्हणून त्याचं नाव पडलं ‘हेजहॉग’. दुसऱ्या एका जनुकाचं नाव ‘पॅच्ड’. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये हेजहॉगची तीन भावंडं सापडली. दोघांना हेजहॉगच्या खऱ्या जातींची नावं मिळाली, त्यांतलं एक ‘इंडियन हेजहॉग’. तिसऱ्याला व्हिडिओ गेममधल्या निळ्या नायकाचं, ‘सॉनिक हेजहॉग’.

१९९६ साली हे धागे एकत्र आले. फिलिप बीची यांच्या प्रयोगशाळेत सॉनिक हेजहॉग जनुक काढून टाकलेल्या उंदरांचे गर्भ एकडोळे निघाले, अगदी आयडाहोच्या कोकरांसारखे. त्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिलं की गॉर्लिनच्या रुग्णांमधलं बिघडलेलं जनुक म्हणजे माशीतल्या पॅच्डचाच मानवी अवतार. आणि १९९८ साली सिद्ध झालं की सायक्लोपामाइन याच हेजहॉगच्या निरोपाची वाट अडवतं.

आता पेशीकडे वळू. पॅच्ड हा पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर. रिसेप्टर म्हटलं की निरोप आल्यावर जागा होणारा अशी आपली कल्पना असते. पॅच्डचं उलटं आहे. निरोप नसतो तेव्हाच तो कामावर असतो. शेजारच्या स्मूदन्ड या प्रथिनाला तो गप्प बसवून ठेवतो. हेजहॉगचा रेणू येऊन पॅच्डला चिकटला की हा दाब सुटतो, स्मूदन्ड मोकळं होतं आणि केंद्रकापर्यंत हुकूम जातो: वाढा, विभाजित व्हा. गर्भात हा हुकूम योग्य जागी, योग्य वेळी लागतोच. डोळ्यांसाठी राखलेलं एकसंध क्षेत्र त्यामुळेच दोन भागांत विभागलं जातं. हुकूम पोचला नाही, तर डोळा एकच राहतो.

त्वचेत याच्या उलट बाजूचं संकट येतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी एखाद्या पेशीतल्या पॅच्डच्या दोन्ही प्रती मोडल्या, की निरोप आलेला नसतानाही हुकूम सुरू होतो आणि थांबवणारं कोणी उरत नाही. गॉर्लिनच्या रुग्णांमध्ये एक प्रत जन्मतःच मोडलेली असते. उन्हाला दुसरी एकच मोडायची असते, म्हणून त्यांना इतक्या गाठी आणि इतक्या लवकर. काही ट्यूमरमध्ये पॅच्ड धड असतो, पण स्मूदन्डच असं बदललेलं असतं की ते दाबाला जुमानत नाही. म्हणजे कर्करोगाच्या पेशीने नवीन असं काही शोधलेलं नसतं. गर्भात असताना ऐकलेला हुकूम ती पुन्हा ऐकत असते, एवढंच.

मग औषधाची कल्पना सरळच होती: स्मूदन्डला गप्प करा. सायक्लोपामाइन नेमकं तिथेच जाऊन बसतं. प्रत्यक्ष वापरासाठी तेच काम करणारा वेगळा रेणू शोधला गेला, व्हिस्मोडेगिब. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत रोग बळावलेल्या ३३ रुग्णांपैकी १८ जणांच्या गाठींनी प्रतिसाद दिला. जानेवारी २०१२मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

ही गोष्ट बहुतेकदा इथे थांबवतात आणि ‘निखळ कुतूहलाचा विजय’ असं शीर्षक देतात. मला ते अपुरं वाटतं. त्याच वर्षी गॉर्लिनच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांमध्ये नव्या गाठी जवळजवळ थांबल्या होत्या. तरीही निम्म्याहून अधिक जणांनी दुष्परिणामांना कंटाळून औषध सोडलं. स्नायूंत गोळे येत होते, केस गळत होते, जेवणाची चव गेली होती. सोडल्यावर गाठी परत येऊ लागल्या. केसांची मुळं आणि जिभेवरच्या रुचिकलिका सतत नव्याने घडत असतात आणि त्यासाठी त्यांना हाच हेजहॉगचा निरोप लागतो. रोगाची वाट बंद करताना रोजच्या दुरुस्तीची वाटही बंद होते. रोज बेचव घास गिळायचा की चेहऱ्यावर पुन्हा चाकू फिरवून घ्यायचा, हा हिशेब रुग्णालाच करावा लागतो. प्रयोगशाळेला तो करता येत नाही. आणि ज्याने औषध अर्ध्यावर सोडलं त्याला धीर नव्हता, असं म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत एक इशारा छापलेला असतो: गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं किंवा तो दगावू शकतो. गरोदर बाईने ते घ्यायचं नाही. पुरुष रुग्णांनीही काळजी घ्यायची. रक्तदानसुद्धा करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं. वर्गात मी हा इशारा वाचून दाखवते आणि मग विचारते, हे आधी कोणाला सांगितलं होतं? एखादी मुलगी तरी उत्तर देतेच: मेंढपाळांना.