खटल्याआधीचा निकाल

कॉलेजात असताना आमच्या शहरातल्या फिल्म सोसायटीत मी एक जुना मूकपट पाहिला होता. 'द बुचर बॉय', १९१७ सालचा. बस्टर कीटनचा पहिला चित्रपट म्हणून तो मुद्दाम दाखवला होता. मला मात्र हसवलं ते त्यातल्या जाड्या नटानं. देह अवाढव्य, चेहरा लहान मुलाचा आणि चपळाई अशी की बघत राहावं. त्याचं नाव रोस्को आर्बकल. सारं जग त्याला 'फॅटी' म्हणायचं.

खेळ संपल्यावर चहा पिता पिता एका जाणत्या सभासदानं आवाज खाली आणून सांगितलं, "अरे, याच माणसानं एका नटीवर अत्याचार केला. त्यात ती मेली." आणि कसा अत्याचार केला याचा एक किळसवाणा तपशीलही सांगितला. त्यात एका बाटलीचा उल्लेख होता. मला ते खरं वाटलं. पुढे मी इतिहास शिकवू लागलो आणि मूकपटांचा विषय निघाला की तीच गोष्ट विद्यार्थ्यांना सांगत राहिलो. पुष्कळ वर्षांनी त्या खटल्याची हकिकत सविस्तर वाचली आणि मान खाली गेली. ती बाटली कोर्टातल्या पुराव्यात कुठेच नव्हती. एक अफवा मी इतिहास म्हणून शिकवली होती.

आज ती हकिकत सांगायची आहे. प्रसिद्ध माणसावर असा आरोप झाला की आपण, म्हणजे बघणारे, वाचणारे, ऐकणारे लोक, कसे वागतो हे तिच्यात दिसतं.

साल १९२१. आर्बकल चौतीस वर्षांचा होता आणि वर्षाला दहा लाख डॉलरच्या कराराचा नट म्हणून गाजत होता. सप्टेंबरमध्ये जोडून सुट्टी आली म्हणून तो मित्रांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि सेंट फ्रान्सिस या बड्या हॉटेलात उतरला. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, पण खोलीत दारू पोचायला अडचण आली नाही. ५ सप्टेंबरला तिथे मेजवानी झाली. पाहुण्यांमध्ये व्हर्जिनिया रापे नावाची तीस वर्षांची नटी होती. दुपारी ती आर्बकलच्या खोलीत वेदनेनं विव्हळताना आढळली. दारू जास्त झाली असं समजून तिला तीन दिवस हॉटेलातच ठेवलं. मग इस्पितळात हलवलं आणि ९ तारखेला ती वारली. मूत्राशय फुटून पोटात दाह पसरला होता.

तिच्याबरोबर आलेल्या मॉड डेलमाँट नावाच्या बाईनं पोलिसांना सांगितलं, की आर्बकलनं तिच्यावर बळजबरी केली. आर्बकलचं म्हणणं होतं, की ती आपल्याला आजारी अवस्थेतच सापडली आणि आपण तिला मदत केली. त्याला अटक झाली आणि खुनाचा आरोप ठेवला गेला.

आता लोक काय करत होते ते बघा. त्याच्या अटकेनंतर काही दिवसांतच देशभरातल्या थिएटरांनी त्याचे चित्रपट उतरवले. कालपर्यंत ज्या शरीरावर लोक पोट धरून हसत होते, तेच शरीर आता गुन्ह्याचा पुरावा ठरलं. एवढ्या वजनाच्या माणसानं अंग टाकलं तर दुसरं काय होणार, असा तो तर्क होता. विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली. वायोमिंगमधल्या एका गावात गुराख्यांनी चिडून थिएटरच्या पडद्यावर गोळ्या झाडल्या, अशी बातमी छापून आली. तसं काही घडलंच नव्हतं. थिएटरच्या मालकानं जाहिरातीसाठी पुडी सोडली होती. पण लोकांना ती खरी वाटली, कारण त्यांना जे वाटत होतं तेच तिच्यात होतं.

आपल्याकडे म्हणतात, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लोकांनी धूर पाहिला आणि आग गृहीत धरली. धूर कोण करतंय हे कुणी विचारलं नाही.

खटला उभा राहिला तेव्हा गोष्ट डळमळू लागली. खालच्या कोर्टातच खुनाचा आरोप टिकला नाही, सदोष मनुष्यवधाचा राहिला. आरोपाचा सगळा डोलारा जिच्या सांगण्यावर उभा होता, त्या डेलमाँटबाईंना सरकारी वकील मॅथ्यू ब्रॅडी यांनी साक्षीला उभंच केलं नाही. तिचे जबाब एकमेकांशी जुळत नव्हते. सरकार पक्षाच्या एका साक्षीदारानं तर सांगितलं, की आपल्यावर खोटं बोलण्यासाठी दबाव आणला गेला.

खटला एकदा नाही, तीनदा चालला. पहिल्या वेळी ज्यूरीतले दहा जण सोडावं म्हणणारे निघाले आणि दोघे अडून बसले. दुसऱ्या वेळी पारडं उलटलं आणि बहुमत शिक्षेच्या बाजूनं गेलं. त्या वेळी बचाव पक्षानं आर्बकलला साक्षीला उभं केलं नव्हतं. 'कर नाही त्याला डर कशाला' हा न्याय ज्यूरीनंही लावला. तिसऱ्या वेळी, १२ एप्रिल १९२२ रोजी, ज्यूरी आत गेली आणि सहा मिनिटांत बाहेर आली. निर्दोष. एवढंच नाही, तर ज्यूरीनं लेखी निवेदन दिलं, की नुसती सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे. ज्यूरीनं आरोपीची अशी जवळजवळ माफी मागणं दुर्मीळच.

मग लोकांनी त्याला परत घेतलं का? नाही. सहाव्या दिवशी, १८ एप्रिलला, चित्रपट उद्योगानं नव्यानं नेमलेले प्रमुख विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती उठवली तर पुन्हा ओरड झाली. पुढची वर्षं आर्बकलनं विल्यम गुडरिच या नावाआड राहून दिग्दर्शन केलं. १९३२ मध्ये त्याला पुन्हा छोट्या बोलपटांत काम मिळालं आणि जून १९३३ मध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, झोपेतच त्याचं हृदय थांबलं.

इथे थांबलो तर गोष्ट सोपी होईल. निरपराध माणूस, चवताळलेली गर्दी. बोध असा, की असल्या आरोपांवर विश्वास ठेवू नये. बरेच लोक आर्बकलचं नाव याच बोधासाठी घेतात. मला मात्र इथेच थांबायचं नाही.

व्हर्जिनिया रापेचं काय झालं? सुरुवातीला तिच्या अंत्यदर्शनाला हजारोंनी गर्दी केली. पण खटल्यात तिच्या चारित्र्याचा उकिरडा उकरला गेला. ती पीत होती, तिचे कोणाकोणाशी संबंध होते, तिला आधी कोणते आजार झाले होते, सगळं चव्हाट्यावर आलं. आर्बकल निर्दोष ठरायला पुराव्याचा अभाव पुरेसा होता. तरी त्याची बाजू घेणारे पुढे वर्षानुवर्षं तिलाच बदफैली ठरवत राहिले. एका माणसाची अब्रू परत करण्यासाठी मेलेल्या बाईची घ्यावी लागते, असं जणू ठरूनच गेलं होतं.

आणि कोर्टात येऊन बसणाऱ्या महिला दक्षता समितीच्या बायकांनाही वेडगळ म्हणून सोडून देता येत नाही. कॅलिफोर्नियात बायकांना मताचा हक्क १९११ साली मिळाला होता आणि ज्यूरीत बसण्याचा १९१७ साली. सिनेमाच्या झगमगाटाकडे येणाऱ्या मुलींचं काय होतं हा त्यांचा प्रश्न खरा होता. त्यांनी तो चुकीच्या पुराव्यावर टांगला, इतकंच.

आता दुसरं चित्र बघू. गाव लॉस एंजेलिस, साल १९४३. आरोपी एरॉल फ्लिन, तलवारबाजी करणारा देखणा नायक. दोन मुलींनी त्याच्यावर आरोप केला होता. दोघीही अठरा वर्षांच्या आतल्या आणि कॅलिफोर्नियात संमतीचं वय अठरा. म्हणजे मुलीची संमती होती की नव्हती हा प्रश्न कायद्यापुढे नव्हताच. प्रश्न एकच होता, की हे घडलं का.

त्याचे वकील जेरी गिस्लर यांनी मुलींची उलटतपासणी घेतली. त्यांच्यावर स्वतःवर गुन्हे दाखल होऊ शकत होते, म्हणून त्या सरकार पक्षाच्या मनासारखं बोलत असतील, अशी शंका त्यांनी उभी केली. वकिलाचं ते कामच आहे. पण त्याबरोबर त्या मुलींचे आधीचे संबंधही उघड्यावर मांडले गेले. ज्यूरीत नऊ बायका आणि तीन पुरुष होते. ६ फेब्रुवारीला फ्लिन निर्दोष सुटला.

या वेळी लोकांनी काय केलं? तरुणांनी त्याच्या बचावासाठी क्लब काढला, 'अमेरिकन बॉइज क्लब फॉर द डिफेन्स ऑफ एरॉल फ्लिन'. आद्याक्षरं जुळवून बघा, ए-बी-सी-डी-ई-एफ. म्हणजे सगळा थट्टेचा मामला. त्याचे चित्रपट चालतच राहिले. त्याच्या नावाचा एक चावट वाक्प्रचार इंग्रजीत रूढ झाला. खटल्याच्या दिवसांत तिथल्याच तंबाखूच्या दुकानावर काम करणारी एक तरुणी त्याच्या नजरेत भरली आणि पुढे त्यानं तिच्याशी लग्न केलं. त्या दोन मुली मात्र विनोदाचा विषय होऊन राहिल्या. इथे लोकांनी दुसरी म्हण लावली होती, एका हाताने टाळी वाजत नाही.

दोन्ही नट निर्दोष सुटले. एकाचं आयुष्य मोडलं, दुसऱ्याची कीर्ती वाढली. पुराव्यावरून हा फरक पडला नाही. एक जाडा विदूषक होता आणि दुसरा देखणा नायक. विदूषक राक्षस असू शकतो हे लोकांना चटकन पटलं. नायकाकडे मात्र मुली आपणहूनच जात असणार, हेही तितक्याच चटकन पटलं. दोन्हीकडे लोक खटला पाहत नव्हते, त्यांना आवडलेला किंवा नावडलेला सिनेमाच पुढे चालू होता.

हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे त्या उलटतपासणीला कायद्याचीच साथ होती. भारतीय पुरावा कायद्यात एक पोटकलम होतं. बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई एकंदरीत अनैतिक वर्तनाची आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा त्यानं दिलेली होती. ते रद्द व्हायला २००३ साल उजाडलं.

त्याच्या आधीची एक गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं प्रतिकार केला नाही, असा तो तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र सार्वजनिक झालं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडित व्यक्तीचं नाव छापणं गुन्हा ठरला, असे खटले बंद दाराआड चालवण्याची तरतूद झाली.

तीही लोकांची प्रतिक्रियाच होती. पण तिथे कुणी नट नव्हता, पडदा नव्हता. त्या चौघांनी निकालपत्र वाचलं होतं. संमती आणि शरण जाणं यांत फरक असतो, हा त्यांचा मुद्दा होता. राग होताच, पण तो वाचून आलेला राग होता.

आजही एखाद्या मोठ्या नावावर आरोप झाला की संध्याकाळपर्यंत घराघरांत दोन तट पडतात. "तो असं करणारच नाही," आणि "मला आधीपासूनच वाटत होतं." दोन्ही वाक्यं बोलणाऱ्यांनी त्याला फक्त पडद्यावर पाहिलेलं असतं. तक्रार करणाऱ्या बाईला तर तेवढंही नाही. तिचं म्हणणं गंभीरपणे ऐकून घेणं आणि त्याचा दोष सिद्ध व्हायची वाट पाहणं या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात. अवघड आहे, पण करता येतात.

माझ्यापुरतं सांगतो. ज्या विद्यार्थ्यांना मी ती बाटलीची गोष्ट सांगितली, ते आता पन्नाशीच्या पुढे असतील. त्यांतल्या कुणाच्या वाचनात हे आलं, तर त्यांनी ती गोष्ट विसरावी. आणि व्हर्जिनिया रापेबद्दल आणखी काही वाईटसाईट त्या वर्गात माझ्या तोंडून गेलं असेल, तर तेही.