छत कापलेली फेरारी : अस्सल, प्रक्षिप्त आणि बनावट

१/
तीन गाड्या शेजारी उभ्या आहेत. तेच लांब नाक, तेच उघडे छत, तोच घोड्याचा बिल्ला. पहिली कारखान्यातूनच उघडी आली. दुसरीचे छत नंतर कापले गेले. तिसरी मुळात फेरारीच नाही. यांतील अस्सल कोणती? प्रश्न मोटारींचा वाटतो, पण तो साधनचिकित्सेचा आहे.

२/
१९६७ मध्ये अमेरिकेतील डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत फेरारीने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, तेही प्रतिस्पर्धी फोर्डच्या मायदेशात. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ३६५ जीटीबी/४ ही नवी गाडी आली. लोकांनी तिला ‘डेटोना’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव रूढ झाले.

३/
पिनिनफारिनाच्या लिओनार्दो फिओराव्हान्ती यांनी तिचे रूप रेखाटले. पुढे ४.४ लिटरचे, १२ सिलिंडरचे इंजिन. वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर. १९६९ मध्ये फ्रँकफर्टला तिचे उघड्या छताचे भावंड, म्हणजे ‘स्पायडर’, अवतरले. १९७३ पर्यंत बंद छताच्या सुमारे १,३०० गाड्या बनल्या; स्पायडर मात्र जेमतेम १२० च्या आसपास.

४/
याच सुमारास अमेरिकेत उघड्या गाड्यांना उतरती कळा लागली. गाडी उलटल्यास प्रवासी वाचावा, यासाठी कडक नियम येणार अशी धास्ती होती. खपही घटत होता. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो तर ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणूनच विकली गेली. तो नियम आलाच नाही. पण वस्तू दुर्मीळ झाली की तिची हाव वाढते.

५/
मग करवत बाहेर आली. कॅलिफोर्नियातील रिचर्ड स्ट्रॅमन यांच्यासारख्या कारागिरांनी बंद डेटोना उघड्या करून देण्यात नाव कमावले. गिऱ्हाइकाचा हिशेब सरळ होता : बंद गाडी घ्यावी, टप कापून घ्यावा, तरी अस्सल स्पायडरपेक्षा खर्च कमीच.

६/
काम मात्र सोपे नव्हते. आजच्या बहुतेक गाड्यांत छत हा सांगाड्याचाच भाग असतो; ते काढले की गाडी मध्येच पिळवटू लागते. डेटोनाचा भार पोलादी नळ्यांच्या स्वतंत्र चासीवर होता, म्हणून ती तग धरी. तरीही समोरच्या काचेची चौकट आणि दारांखालचा भाग मजबूत करावा लागे. नाहीतर खड्ड्यात सारी बॉडी थरथरे.

७/
शिवाय बंद डेटोनाचे छत मागे शेपटीपर्यंत उतरत जाते. त्यामुळे केवळ टप कापून भागत नसे. डिकीच्या झाकणासह गाडीची पाठच नव्याने घडवावी लागे आणि घडीचे कापडी छत बसवावे लागे. उत्तम हाताने केलेले काम वरवर पाहून ओळखणे अवघड.

८/
मग ओळखायचे कसे? चासी क्रमांकावरून. प्रत्येक गाडीचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीत आहे आणि ती बंद बनली की उघडी, हे त्यावरून कळते. पत्रा कापता येतो. दप्तरातली नोंद कापता येत नाही.

९/
तिसरी गाडी दूरचित्रवाणीवर गाजली. १९८४ च्या ‘मायामी व्हाइस’ मालिकेतील काळी डेटोना स्पायडर ही शेव्हरोले कॉर्व्हेटच्या चासीवर चढवलेली नक्कल होती. फेरारीने आक्षेप घेतला. १९८६ मध्ये, तिसऱ्या पर्वात, ती स्फोटात उडवण्यात आली आणि नायकाला खरीखुरी पांढरी टेस्टारोसा मिळाली.

१०/
अशा नकला बनवणाऱ्या दुसऱ्या एका उत्पादकाविरुद्ध फेरारी न्यायालयात गेली. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने फेरारीच्या बाजूने कौल दिला. विकत घेणाऱ्याला नक्कल ठाऊक असली, तरी रस्त्यावर ती पाहणारा फसतो, हे न्यायालयाने ग्राह्य धरले. गाडीचे रूप हीच तिची ओळख ठरली.

११/
जुन्या कागदांच्या अभ्यासकाला हे भेद परिचित आहेत. कारखान्यातली स्पायडर म्हणजे अस्सल कागद. कॉर्व्हेटवरची गाडी म्हणजे बनावट कागद. आणि छत कापलेली डेटोना? तिचा कागद खरा, शिक्का खरा. पण मजकुरात नंतरच्या हाताने घातलेली ओळ आहे. ती प्रक्षिप्त.

१२/
प्रक्षेपामुळे मूळ पाठ हरवतो, हे नुकसान खरेच आहे. कापलेले छत पुन्हा बसवले, तरी ते १९७० चे छत नसते. बाजारही हा भेद पाळतो : लिलावाच्या यादीत अशा गाडीपुढे ‘रूपांतरित’ असे स्पष्ट लिहिलेले असते आणि कारखान्यातल्या स्पायडरला तिच्या काही पट किंमत येते.

१३/
तरीही प्रक्षिप्त ओळ निरुपयोगी नसते. ती ज्या काळात घातली गेली, त्या काळाचा ती पुरावा असते. छत कापलेली डेटोना १९६९ च्या इटलीबद्दल साक्ष देत नाही. उघड्या गाड्या संपणार या भीतीने करवत हाती घेणाऱ्या अमेरिकेबद्दल मात्र ती बरेच सांगते. साधन खोटे की खरे, या प्रश्नापाठोपाठ ते कोणत्या काळाचे साधन आहे, हेही विचारावे लागते.