अक्षर हें शिल्प कीं साधन?

छापखान्यांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याच्या मागोमाग दोन प्रश्न येतात. जुन्या कारागिराच्या पोटाचें काय, हा पहिला. आणि नव्या यंत्रानें केलेल्या कामास कला म्हणावें कीं नाहीं, हा दुसरा. दोन्ही प्रश्न मुद्रणाइतकेच जुने आहेत. जर्मनींतील स्पॉनहाइम मठाचा अधिपति योहानेस त्रिथेमियस यानें १४९२ सालीं, पोथ्या उतरून घेणाऱ्या लेखकूंची थोरवी गाणारा एक ग्रंथ लिहिला. चर्मपत्रावर हातानें लिहिलेली पोथी हजार वर्षें टिकेल, कागदावर छापलेलें पुस्तक दोनशें वर्षें टिकलें तरी पुष्कळ, असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु हाच ग्रंथ त्यानें १४९४ सालीं माइन्त्स येथें छापवून घेतला! नव्या साधनाविषयींचा संशय आणि त्याच्या उपयोगाचा मोह हीं एकाच मनांत सुखानें नांदूं शकतात, हें संगणकाविषयीं बोलतांनाहि विसरून चालणार नाहीं.

संगणकानें ग्रंथकलेंत काय पालट घडविला हें मोघमपणें सांगण्यापेक्षां एका कलावंताच्या चरित्रांतून पाहणें आम्हांस अधिक सोयीचें वाटतें. हेर्मान त्साफ हा १९१८ सालीं न्यूरेंबर्ग येथें जन्मला आणि २०१५ सालीं निवर्तला. ९६ वर्षांच्या आयुष्यांत त्यानें छापाच्या अक्षराचीं तीन शरीरें पाहिलीं: पहिलें शिशाचें, दुसरें फिल्मचें, तिसरें निव्वळ अंकांचें. सुलेखन तो पुस्तकांवरून आपलें आपणच शिकला. १९५० सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें ‘पालाटिनो’ हें अक्षर ऑगुस्ट रोझेनबेर्गर नांवाच्या निष्णात कारागिरानें धातूंत कोरलें. म्हणजे कल्पना एकाची व हात दुसऱ्याचा; तरी त्यांत कोणास वावगें वाटलें नाहीं.

शिशाला मात्र स्वतःचे हट्ट असतात. प्रत्येक अक्षर आपल्या चौकोनी खिळ्यावर बसतें. लेखणीचा लांब फरांटा शेजारच्या घरांत सहजासहजीं शिरूं शकत नाहीं. १९४४ सालीं, युद्धकाळांत फ्रान्समध्यें नकाशे काढण्याच्या कामावर असतांना, त्साफनें वहींत कांहीं मोकळीं, वाऱ्यावर लहरणारीं अक्षरें लिहून ठेविलीं होतीं. तीं छापांत उतरावयास १९९८ साल उजाडलें आणि तीं उतरलीं संगणकामुळें! ‘त्साफिनो’ ह्या अक्षरसंचांत एकाच वर्णाचीं अनेक रूपें आहेत, आणि शेजार पाहून तीं निवडतां येतात. हातापासून सर्वांत दूर असें जें यंत्र, त्यानेंच हाताची मोकळीक हातास परत दिली, ही गोष्ट यंत्राच्या निंदकांनीं विचारांत घेण्याजोगी आहे.

परंतु अशा अक्षरास कला म्हणावें काय? ह्या प्रश्नाचा निकाल एकदां कोर्टांत लागला आहे. त्साफच्याच ‘ओरायन’ नांवाच्या अक्षराची कलाकृति म्हणून नोंद व्हावी, असा अर्ज एका अमेरिकन कंपनीनें केला. अधिकाऱ्यानें तो नाकारला आणि १९७८ सालीं तेथील अपील कोर्टानें तो नकार कायम केला. छापाचें अक्षर ही उपयोगाची वस्तु आहे. उपयोगापासून निराळी काढून दाखवितां येईल अशी कलाकृति तींत नाहीं, असा ह्या निकालाचा मथितार्थ होता. पुढें १९९२ सालीं मात्र, अक्षर उमटविणाऱ्या संगणकीय आज्ञावलीची नोंद होऊं शकेल, असें त्याच कचेरीनें ठरविलें; आणि त्या कायद्यांत आज्ञावली ही वाङ्मयीन कृति मानली जाते. म्हणजे अक्षराचा डौल ही कला नव्हे, पण तो डौल कसा काढावा याच्या यांत्रिक सूचना हें वाङ्मय! वर्णमाला सर्वांची आहे, ती कोणा एकाच्या कुलुपांत जाऊं नये, हा कायद्याचा हेतु वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि मालकी कोणाची आणि कला कोणती, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याच्या उत्तरानें दुसऱ्याचा निकाल लागत नाहीं.

मराठी वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईंत ‘निर्णयसागर’ छापखाना काढला, आणि त्याच्या सुबक खिळ्यांनीं देवनागरी ग्रंथांस रूप दिलें. पण जोडाक्षरें व काना-मात्रा यांमुळें देवनागरीस खिळे शेंकड्यांनीं लागत. टंकलेखन व जुळणीचीं यंत्रें आलीं तेव्हां, यंत्र लिपीस जमत नाहीं म्हणून लिपीच यंत्रास जमवावी, असा विचार बळावला. सावरकरांनीं पुरस्कारिलेल्या ‘अ’च्या बाराखडीमागें छपाईची सोय हें एक मोठें कारण होतें. संगणकानें कळांची संख्या व अक्षररूपांची संख्या यांची गांठ सोडविली. कळा मोजक्याच, परंतु पडद्यावर जोडाक्षर हवें तें. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकारानें ‘मंगल’ हें अक्षर संगणकाकरितां घडविलें, तें ह्याच मोकळिकेच्या बळावर.

लाभाबरोबर हानिहि आहे, ती लपवूं नये. ठसे कोरणाऱ्याची विद्या जवळजवळ अस्तंगत झाली. दुसरी हानि टिकाऊपणाची. शंभर वर्षांपूर्वींचा खिळा आजहि शाई लावून उमटवितां येतो. पण संगणकाच्या आरंभकाळांत ज्यानें त्यानें आपापली संकेतपद्धति योजल्यामुळें, तेव्हां जुळविलेला मराठी मजकूर मूळ अक्षरसंच हातीं नसेल तर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडतो. १९९१ सालच्या ‘युनिकोड’नें सर्व लिपींस एक संकेत दिला, तरी त्यापूर्वींच्या कित्येक मजकुरांचा प्रश्न उरलाच. त्रिथेमियसची शंका अगदींच खुळी नव्हती!

उलट, व्यवहारानें टाकलेलें साधन कलावंत उचलून घेतो, असेंहि दिसतें. पाश्चात्य देशांत हौशी मुद्रक संगणकावर मजकूर जुळवितात, त्याचा प्लास्टिकचा उठावाचा ठसा करून घेतात आणि जुन्या हातयंत्रावर एकेक प्रत काढतात. ह्या पुस्तकांत हाताचें किती व यंत्राचें किती, याचा हिशेब मांडणें व्यर्थ आहे. दोन अक्षरांमध्यें किती जागा सोडावी, समास किती ठेवावा, कोठें थांबावें, हें ठरविणारा डोळा जेथें आहे तेथें कला आहे; तो नसेल तर शिशाचें पुस्तकहि ओबडधोबडच व्हावयाचें.

असो. जुना लेखकू पोथीच्या अखेरीस आपलें नांव व शक लिहून ठेवी. आमच्या आजच्या पुस्तकांत मुखपृष्ठ काढणाऱ्याचें नांव असतें, पण ज्याच्या अक्षरांवरून आमची दृष्टि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फिरते, त्याचें नांव क्वचितच आढळतें. कलेची व्याख्या पंडितांनीं सावकाश ठरवावी. प्रकाशकांनीं तोंवर ही एक ओळ छापावी, एवढीच आमची विनंति आहे.