टेन, डेनिस

(१३ जून १९९३ – १९ जुलै २०१८). कझाकस्तानचा फिगर स्केटिंगपटू. या खेळात कझाकस्तानला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे आणि ऑलिंपिकचे पहिले पदक त्यानेच मिळवून दिले. जन्म आणि मृत्यू अल्माटी शहरात. जेमतेम पंचवीस वर्षांच्या आयुष्यात त्याने आपल्या देशात या खेळाचा पाया घातला.

टेन कुटुंब कोरियन वंशाचे. सोव्हिएत संघाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशात राहणाऱ्या पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन लोकांना १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने सक्तीने मध्य आशियात हलवले. त्यांच्या पुढच्या पिढ्या कझाकस्तान आणि उझबेकिस्तानातच रुजल्या. जपानविरुद्ध लढलेले कोरियन सेनानी मिन गुंग-हो हे डेनिसचे पूर्वज. हा वारसा तो अभिमानाने सांगत असे.

अल्माटीजवळचे मेदेऊ हे उंचावरील बर्फाचे मैदान जगप्रसिद्ध आहे, पण त्याची ख्याती वेगाच्या स्केटिंगसाठी. फिगर स्केटिंगसाठी शहरात फारशी सोय नव्हती. डेनिस लहानपणी उघड्यावरच्या रिंकवर शिकला. कडाक्याच्या थंडीत आई त्याच्या अंगावर कपड्यांचे थरावर थर चढवी आणि त्या अवघडलेल्या अवस्थेतच त्याचा सराव चाले. पुढे एका मॉलमधल्या रिंकवर तो सराव करू लागला. जोडीला संगीताचे शिक्षण होते आणि तो समूहगायनातही भाग घेत असे. त्याच्या स्केटिंगमध्ये सूर आणि हालचाल यांची जी एकरूपता पुढे जगाने पाहिली, तिचे मूळ या शिक्षणात आहे.

अल्माटीत प्रगतीला मर्यादा आहेत, हे ओळखून तो आईसह मॉस्कोला गेला आणि येलेना बुयानोवा यांच्याकडे शिकू लागला. २००८ मध्ये बेलारूसमधील गोमेल येथे त्याने ज्युनियर ग्रांप्री स्पर्धा जिंकली. मार्च २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या जागतिक स्पर्धेत, पंधराव्या वर्षी, तो आठवा आला. पहिल्या दहांत आल्यामुळे व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी कझाकस्तानला पुरुष गटात दोन जागा मिळाल्या. त्या ऑलिंपिकमध्ये (२०१०) तो अकरावा आला. त्याच वर्षी तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला आणि मिशेल क्वान व इव्हान लायसाचेक यांचे प्रशिक्षक फ्रँक कॅरल यांचा शिष्य झाला. २०११ मध्ये मायदेशी झालेल्या आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले.

फिगर स्केटिंगची स्पर्धा दोन भागांत होते : शॉर्ट प्रोग्रॅम आणि त्याहून लांब फ्री स्केटिंग. दोन्हींचे गुण मिळून निकाल लागतो. बुटाखालच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात आणि पुढच्या टोकाला दाते. टो लूप या उडीत खेळाडू पाठमोरा सरकत असतो. एका पायाच्या बाहेरच्या धारेवर तोल ठेवून तो दुसऱ्या पायाचे दाते बर्फात रोवतो, उसळी घेतो आणि गिरक्या पूर्ण करून पुन्हा पाठमोराच उतरतो. चार गिरक्यांच्या उडीत हे सारे एका सेकंदाच्या आत उरकावे लागते. उतरताना गुडघा ताठ राहिला, तर लय तुटते. टेनचा गुडघा मऊ दुमडे आणि उडीतून पुढच्या हालचालीत तो असा शिरे की, जोड दिसत नसे.

हे कौशल्य सर्वांत लख्ख दिसले ते मार्च २०१३ मध्ये, कॅनडातील लंडन शहरी झालेल्या जागतिक स्पर्धेत. ‘द आर्टिस्ट’ या चित्रपटाच्या संगीतावर लॉरी निकोल यांनी त्याचे दोन्ही कार्यक्रम बसवले होते. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ९१.५६ गुण मिळवून त्याने जाणकारांना चकित केले. फ्री स्केटिंगमध्ये तर १७४.९२ गुणांसह तो यजमान देशाच्या पॅट्रिक चॅनपेक्षा साडेपाच गुणांनी सरस ठरला. एकूण गुण चॅनचे २६७.७८ आणि टेनचे २६६.४८. अवघ्या १.३० गुणांनी सुवर्ण हुकले, पण जागतिक स्पर्धेत कझाकस्तानच्या नावावर पहिले पदक लागले.

पुढचा हंगाम दुखापती आणि आजारपणाने ग्रासलेला होता. सोची ऑलिंपिकमध्ये (२०१४) शॉर्ट प्रोग्रॅमनंतर तो नवव्या स्थानी होता. फ्री स्केटिंगमध्ये शोस्ताकोविचच्या संगीतावर त्याने १७१.०४ गुण मिळवले आणि २५५.१० या बेरजेसह थेट तिसरे स्थान गाठले. युझुरू हान्यू पहिला आणि चॅन दुसरा आला. त्या ऑलिंपिकमध्ये कझाकस्तानला मिळालेले हे एकमेव पदक होते.

फेब्रुवारी २०१५ मध्ये सोल येथे झालेली फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धा हा त्याच्या कारकिर्दीचा कळस होय. फ्री स्केटिंगसाठी त्याने यो-यो मा यांच्या सिल्क रोड एन्सेंबलचे संगीत निवडले होते. चीनपासून पश्चिमेकडे जाणारा सिल्क रोड हा व्यापारी मार्ग कझाकस्तानातूनही जात असे. पूर्वजांच्या भूमीवर, आपल्या जन्मभूमीची आठवण जागवणाऱ्या सुरांवर त्याने २८९.४६ गुणांनी सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच महिन्यात शांघायच्या जागतिक स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले.

त्यानंतर दुखापतींनी त्याची पाठ सोडली नाही. २०१७ मध्ये अल्माटीच्या हिवाळी युनिव्हर्सियाडमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर तो विजयी झाला, पण त्याच वर्षी घोट्याचे अस्थिबंध फाटले. प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये (२०१८) तो सत्ताविसावा आला. फ्री स्केटिंगसाठी पहिल्या चोविसांनाच प्रवेश असल्याने त्याची स्पर्धा शॉर्ट प्रोग्रॅमवरच संपली.

पदकांइतकेच मोलाचे काम त्याने आपल्या शहरासाठी केले. ‘डेनिस टेन अँड फ्रेंड्स’ या नावाने त्याने अल्माटीत बर्फावरचे कार्यक्रम भरवले आणि जगातले नामवंत स्केटर तिथल्या मुलांना जवळून पाहता आले. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी अल्माटीने केलेल्या प्रयत्नाचाही तो चेहरा होता. जुलै २०१५ मधील मतदानात बीजिंगने अल्माटीवर ४४ विरुद्ध ४० मतांनी मात केली.

१९ जुलै २०१८ रोजी अल्माटीत भरदिवसा दोघे जण त्याच्या मोटारीचे आरसे चोरत होते. त्यांना अडवताना झालेल्या झटापटीत त्याच्यावर चाकूचे वार झाले. अतिरक्तस्रावामुळे रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. मोटारीच्या आरशांपायी देशाने आपला सर्वांत लाडका खेळाडू गमावला. अंत्यदर्शनासाठी हजारो लोक लोटले. दोघा आरोपींना जानेवारी २०१९ मध्ये प्रत्येकी १८ वर्षांचा कारावास ठोठावण्यात आला.

मार्च २०१९ मध्ये कझाकस्तानच्याच एलिझाबेत तुर्सिनबायेव्हा हिने जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. त्याच वर्षापासून टेनच्या नावाने कझाकस्तानात आंतरराष्ट्रीय स्मृतिस्पर्धा सुरू झाली. टेनच्या आधी जो देश या खेळाच्या जागतिक आणि ऑलिंपिक पदकतालिकेत नव्हता, तिथे आता मुलांना आपल्याच देशाचा आदर्श समोर असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अल्माटीच्याच मिखाइल शायदोरोव्हने फोर कॉन्टिनेंट्सचे सुवर्णपदक जिंकले. स्पर्धा होती सोलमध्ये, टेनच्या विजयानंतर बरोबर दहा वर्षांनी.